नगरसेवकाला कोणत्या मापाने मोजावे?

१५ जानेवारी २०२६ रोजी कोल्हापूर महानगरपालिकेची निवडणूक झाली आणि पाच वर्षांहून अधिक काळ रिकामे राहिलेले सभागृह पुन्हा भरले. त्याआधीची निवडणूक १ नोव्हेंबर २०१५ रोजी झाली होती. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि तेव्हापासून शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे ७४व्या घटनादुरुस्तीने आणलेले २४३ (यू) हे कलम सांगते. तरीही राज्यातील बहुतेक महानगरपालिकांत ती वर्षानुवर्षे झाली नाही आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. या काळात जुलै २०२१ चा महापूर येऊन गेला. ८ ऑगस्ट २०२४ रोजी शाहू महाराजांनी उभारलेले आणि आज केशवराव भोसले यांचे नाव मिरवणारे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. या दोन्ही प्रसंगी सभागृहात उभे राहून शहराच्या वतीने जाब विचारील असा एकही निर्वाचित प्रतिनिधी अस्तित्वात नव्हता.

नगरसेवक नसला म्हणजे काय होते, याचा धडा आपण असा घेतला आहे. परंतु नगरसेवक असला म्हणजे आपोआप काही चांगले होते, असेही नव्हे. म्हणून प्रश्न असा की, कोल्हापूरचा मतदार उमेदवाराची पारख कोणत्या कसोटीवर करतो आणि ती कसोटी त्याच्या हिताची आहे काय?

रूढ कसोटी सर्वांच्या परिचयाची आहे. उमेदवार आपल्या पेठेतला असावा, आपल्या तालमीशी त्याचा संबंध असावा, रात्री-अपरात्री हाकेला धावून यावा, अंत्ययात्रेत दिसावा, दवाखान्यात खाट आणि कचेरीत दाखला मिळवून देणारा असावा. अशा माणसाला आपण ‘कामाचा माणूस’ म्हणतो. या कसोटीची टर उडविण्याची खोड सुशिक्षित वर्गात आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी ती लावून घेऊ नये. ज्या घराला कचेरीत ओळख नाही, वकील परवडत नाही आणि ज्याचा एक दिवस मोडला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, त्या घराने धावून येणारा माणूस निवडणे हा अडाणीपणा नव्हे. तो हातातल्या साधनांचा केलेला हिशेब आहे.

हिशेबाची चूक अन्यत्र आहे. जो दाखला हक्काने मिळावयास हवा तो उपकार म्हणून मिळू लागला की, मधल्या माणसाचे वजन वाढते. ते वजन टिकवावयाचे तर हक्काचे रूपांतर हक्कात होता कामा नये, ते उपकारातच राहिले पाहिजे. कचेरीतली खिडकी सुरळीत चालू लागली तर ‘कामाच्या माणसा’ला काम उरणार नाही. म्हणजे ज्याला आपण व्यवस्थेवरचा तोडगा समजतो, त्याचा हितसंबंध व्यवस्था बिघडलेली राहण्यातच गुंतलेला असतो. एखाद्या नगरसेवकाचा स्वभाव चांगला की वाईट, हा येथे प्रश्नच नाही. ही मध्यस्थाच्या धंद्याची रीत आहे.

या रीतीला पैशाची जोड मिळाली म्हणजे जेवणावळी, देवदर्शनाच्या सहली, हळदीकुंकवाची वाणे आणि शेवटच्या रात्रीची पाकिटे येतात. उदाहरणादाखल एक साधे गणित मांडू. एका घरात चार मते आहेत आणि प्रत्येक मतामागे दोन हजार रुपये आले असे समजू. आठ हजार रुपये झाले. पाच वर्षांचे दिवस अठराशे सव्वीस. म्हणजे संपूर्ण कुटुंबाच्या वाट्याला दिवसाकाठी साडेचार रुपयांहूनही कमी आले. त्या बदल्यात पाणी, सांडपाणी, शाळा, दवाखाना, बस आणि रस्ता यांविषयी जाब विचारण्याचा नैतिक अधिकार त्या घराने पाच वर्षांसाठी गहाण टाकला. उलट देणाऱ्याच्या वहीत ही रक्कम खर्च म्हणून पडत नाही, गुंतवणूक म्हणून पडते. आणि गुंतवणूक व्याजासह वसूल करण्याचे मार्ग निविदा, भूखंड आणि बांधकाम परवाने यांतूनच जातात.

नगरसेवकाचे खरे काम सभागृहात होते, ही गोष्ट कोल्हापूरकरांना टोलच्या प्रकरणाने शिकवावयास हवी होती. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा प्रकल्प ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर एका खासगी कंपनीला देण्यात आला. महानगरपालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी असा तो त्रिपक्षीय करार होता आणि त्यात तीस वर्षांच्या टोलवसुलीची तरतूद होती. तीस वर्षे म्हणजे सहा सभागृहांची मुदत. तीस वर्षांचे ओझे शहराच्या खांद्यावर ठेवण्याचा हा विषय कोणत्या प्रभागातल्या प्रचारसभेत मतदारांपुढे मांडला गेला होता? मतदारांनी नगरसेवक निवडले ते गटारीसाठी आणि पथदिव्यासाठी. त्यांच्या महानगरपालिकेने सही केली ती तीस वर्षांच्या करारावर.

पुढचा इतिहास आपल्या चळवळीचा अभिमानाचा विषय आहे. २०१३ साली वसुली प्रत्यक्ष सुरू झाली आणि शहर रस्त्यावर उतरले. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले. पेठापेठांतील तालमी, व्यापारी, रिक्षाचालक, महिला, विद्यार्थी असे सारे त्यात होते. २०१५ च्या अखेरीस शासनाला टोल रद्द करण्याची घोषणा करावी लागली. कंपनीच्या भरपाईचा भार सरकारी तिजोरीने, म्हणजे पुन्हा जनतेनेच, उचलला. एका सहीने जे घडले ते पुसून काढण्यासाठी शहराला काही वर्षांचा लढा द्यावा लागला, हे त्या प्रकरणाचे सार होय.

परंतु त्याच २०१५ सालाची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कॉ. पानसरे यांच्यावर कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. सारे शहर हळहळले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत महानगरपालिकेची निवडणूक झाली. ८१ जागांपैकी काँग्रेसला २७, ताराराणी आघाडीला १९, राष्ट्रवादीला १५, भारतीय जनता पक्षाला १३, शिवसेनेला ४ आणि अपक्षांना ३ जागा मिळाल्या. बेरीज ८१ पूर्ण होते; डाव्या आणि समाजवादी पक्षांच्या वाट्याला काहीच उरत नाही. ज्या मतदाराने टोलविरोधी मोर्चात पाऊल टाकले, त्यानेच मतपेटीपाशी वेगळे माप वापरले. मोर्चाचे माप धोरणाचे होते, मतदानाचे माप ओळखीचे होते. ही दोन मापे एक करणे, हेच आपल्या पक्षापुढील खरे राजकीय काम आहे. मतदाराला कृतघ्न म्हणून ते होणार नाही.

मग माप कोणते असावे? माझ्या मते ते तिहेरी आहे.

पहिले माप जमिनीचे. महानगरपालिकेची स्थापना १५ डिसेंबर १९७२ रोजी झाली. शहराचे क्षेत्र सुमारे ६७ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत या क्षेत्रात साडेपाच लाखांच्या आसपास माणसे राहत होती. हद्दवाढीचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला आणि २०१७ साली भोवतालच्या ४२ गावांसाठी प्राधिकरण उभे करण्यात आले. अशा दाटीच्या शहरात जमिनीचा प्रत्येक तुकडा सोन्याचा होतो. २०१९ आणि २०२१ या दोन महापुरांनी नदीच्या पूररेषेतील बांधकामांचा प्रश्न घरात आणून ठेवला. तेव्हा नगरसेवकाला विचारावे की, पूररेषेतील बांधकामांविषयी, क्रीडांगणाच्या आणि बागेच्या आरक्षणाविषयी तुमचे मत काय, आणि तुमच्या प्रतिज्ञापत्रात नोंदविलेल्या जमिनी कोठे आहेत? प्रतिज्ञापत्र हा दस्तऐवज मतदाराने वाचण्यासाठी असतो.

दुसरे माप पैशाचे. एके काळी जकात हे महानगरपालिकेचे स्वतःचे उत्पन्न होते. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतांश व्यापाऱ्यांपुरता उठला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला. हाती मुख्यतः घरफाळा, पाणीपट्टी आणि शासनाचे अनुदान उरले. म्हणूनच ‘मी निधी आणला’ हे वाक्य आज प्रत्येक फलकावर दिसते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे वाक्य चिंतेचे वाटते. जी संस्था स्वतःच्या उत्पन्नावर उभी नाही, तिचा प्रतिनिधी मतदाराकडे पाहत नाही, मंत्रालयाकडे पाहतो. निधी आणणाऱ्याला विचारावे की, तो कोणत्या अटीवर आला, महानगरपालिकेचा हिस्सा किती, आणि काम झाल्यावर देखभालीचा खर्च कोण सोसणार? काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे काम २०१४ साली सुरू झाले आणि पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात पोहोचले. श्रेयासाठी फलक लागले. शहरांतर्गत वितरणाच्या वाहिन्यांची जबाबदारी सांगणारा फलक मात्र कोणी लावल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

तिसरे माप सार्वजनिक सेवांचे. के.एम.टी.ची बस, महानगरपालिकेच्या शाळा, सावित्रीबाई फुले रुग्णालय, सफाई कामगाराचे वेतन आणि त्याच्या नोकरीचा कायमपणा यांवर नगरसेवकाने सभागृहात काय भूमिका घेतली, हे पाहावे. सरकारी शाळा कोणाला नको असते, हे म्हणणे खोटे आहे. जरगनगरच्या महानगरपालिका शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक रांगा लावतात. चांगली सार्वजनिक सेवा उभी करता येते, याचा पुरावा शहरातच आहे. ती एकाच ठिकाणी का थांबली, हा प्रश्न नगरसेवकाला विचारण्याचा आहे.

या निवडणुकीत आणखी एक बदल झाला. २०१५ साली एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला गेला होता. यंदा वीस प्रभाग झाले. त्यांपैकी एकोणीस चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा. चार जण प्रतिनिधी असले म्हणजे तुंबलेल्या गटारीचा धनी कोणीच नसतो. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. मोठा प्रभाग पैशाच्या आणि मोठ्या पक्षाच्या सोयीचा असतो, साध्या कार्यकर्त्याच्या नव्हे. तथापि, ही रचना आहे तोवर चौघांनाही एकत्र बोलावून जाब विचारणे हाच उपाय आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना सुचवावेसे वाटते की, मतदान झाले म्हणजे पारख संपली असे मानू नये. ती आता सुरू झाली आहे. प्रत्येक प्रभागात एक वही ठेवावी. महासभेची इतिवृत्ते माहितीच्या अधिकारात मागवावीत. कोण हजर होता, अंदाजपत्रकाच्या सभेत कोण बोलला, कोणत्या ठरावाला कोणी सूचक-अनुमोदक म्हणून नाव दिले, स्थायी समितीच्या सोळा सदस्यांनी कोणत्या निविदा मंजूर केल्या, याची नोंद करावी. वर्षातून एकदा ती वही तालमीत, चाळीत आणि झोपडपट्टीत मोठ्याने वाचून दाखवावी. कायद्यातील प्रभाग समित्या कागदावर राहू नयेत यासाठी आग्रह धरावा. आणि हे करीत असताना दाखल्यासाठी अडलेल्या माणसाबरोबर कचेरीत जाण्याचेही टाळू नये; मात्र जाताना उपकार करावयास जाऊ नये, त्याला खिडकी आणि नियम दाखवून पुढच्या वेळी एकट्याने जाण्याइतके समर्थ करावे.

हे काम मोर्चाइतके तेजस्वी दिसणार नाही. त्याला छायाचित्र नाही आणि फलकही नाही. परंतु पुढचा एखादा तीस वर्षांचा करार सभागृहापुढे येईल त्या दिवशी, आपल्या हाताची नोंद कोणत्या वहीत होणार आहे हे नगरसेवकाला ठाऊक असले, तर कदाचित शहराला पुन्हा काही वर्षे रस्त्यावर काढावी लागणार नाहीत.