मांडा बेटावर जेवायला

लामूमध्ये होडीचा बेत ठरवायला गेलात, की नाखवा आधी चंद्राची तारीख बघतो. माणसं किती, पैसे किती, हे सगळं त्यानंतर.

लामू हे केनियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं लहान बेट, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला. समोर अरुंद पाण्यापलीकडे मांडा नावाचं दुसरं बेट. दुपार कलली की शिडाच्या होडीतून मांडाला जायचं, जुन्या गावाचे अवशेष बघायचे, वाळूवर जेवायचं आणि चांदण्यात परतायचं, असा बेत आमच्या भाच्याने आखला होता. तो मोंबासाचा. तिथे कोकणी मुसलमानांची कित्येक पिढ्यांची घरं आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. प्रत्येक मोहल्ल्यात एखादं तरी ‘आफ्रिकेवाल्यांचं घर’ असतंच.

चंद्राची तारीख बघायचं कारण साधं आहे. मांडाच्या पोटात शिरणाऱ्या खाडीत भरती असली तरच होडी जाते. ओहोटीला तिथे नुसता चिखल आणि तिवरांची उघडी मुळं. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते. लामूला ती चारच्या सुमारास येते आणि रोज पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस सोयीचे. सूर्य मावळायच्या आत भरती पूर्ण होते आणि जेवण होईपर्यंत चंद्र वर येतो. आम्हाला सतरावी तारीख मिळाली. हा हिशेब अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कुणी समजावून सांगावा लागला नाही. त्यांचे वडील रायगडच्या किनाऱ्यावर गलबतावर तांडेल होते.

नाखव्याने निरोप दिला, ‘दहा वाजता धक्क्यावर या.’ मुलं गोंधळली. स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, दुपारचे चार म्हणजे दहा. विषुववृत्तापाशी वर्षभर सूर्य सहाच्या आसपासच उगवतो आणि मावळतो, त्यामुळे हे घड्याळ तिथे बरोबर चालतं. संध्याकाळचे सात म्हणजे रात्रीचा पहिला तास. इस्लामी तारीख मगरिबला बदलते हे आपण मुलांना शिकवतो. ते असं रोजच्या बोलण्यात ऐकून माझ्या मुलीला फार गंमत वाटली.

होडीला तिथे ‘माशुआ’ म्हणतात. नाव ऐकताच आपला मचवा आठवतो, आणि आकारही फार वेगळा नाही. एक डोलकाठी, तिला तिरपी लांब काठी, त्या काठीला तिकोनी शीड. तळाशी वाळूची पोती. वारा एका बाजूने जोरात लागला की नाखव्याचा पोरगा ती पोती उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो. तेवढ्याने भागलं नाही तर एक फळी होडीच्या कडेबाहेर सरकवतो आणि स्वतःच तिच्या टोकावर जाऊन बसतो, खाली नुसता समुद्र. अम्मी त्याच्याकडे एकटक बघत होत्या. तांडेलाची मुलगी, पण बाहत्तर वर्षांच्या आयुष्यात शिडाच्या होडीत कधी बसली नव्हती. मुलींनी किनाऱ्यावर थांबायचं, अशीच तेव्हाची रीत. शीड वाऱ्याने फुगलं, होडी कलली, माझी जाऊ ‘या अल्लाह’ म्हणून काठाला बिलगली. आणि अम्मी एवढंच म्हणाल्या, ‘आता इंजिन लावू नका म्हणावं.’

बोलण्यात मजा होती. नाखवा म्हणजे ‘नाहोधा’. बंदराला ‘बंदारी’, हिशेबाला ‘हेसाबू’, पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’. शेकडो वर्षं वाऱ्याच्या जोरावर अरबस्तान, भारत आणि हा किनारा यांच्यात गलबतं ये-जा करत होती, त्याची ही शिल्लक. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा, त्याला ते ‘कास्काझी’ म्हणतात. त्याच्यावर तिकडे जायचं, आणि पुढे वारा उलटून ‘कुसी’ सुरू झाला की परत. नाखवा मला ‘मामा’ म्हणू लागला तेव्हा मुलं लोळून हसली. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. अम्मींना मात्र तो ‘बिबी’ म्हणाला, म्हणजे आजी, आणि तो शब्द त्यांना लगेच पटला.

खाडीच्या टोकाला उतरून थोडं चाललं की तक्वा लागतं. पंधराव्या-सोळाव्या शतकात वसलेलं आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ओस पडलेलं हे गाव. १९५१ मध्ये जेम्स कर्कमन यांनी इथे उत्खनन केलं. प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, घरांच्या उंबऱ्यांच्या खुणा, मोठी मशीद आणि तिच्या किब्ल्याच्या भिंतीवर उभा असलेला एक उंच खांब. आत गोरखचिंचेची थोराड झाडं. बाजूला एक कबर आहे, तिच्यावरही तसाच खांब. पलीकडच्या शेला गावचे लोक आजही पावसासाठी दुआ मागायला इथे येतात.

गाव का उठलं, याची जी कारणं सांगतात त्यात मुख्य कारण पाण्याचं. विहिरी खाऱ्या झाल्या. बेटावरचं गोडं पाणी कसं असतं हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, तरी इतरांसाठी सांगते. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर हलकेपणामुळे तरंगत राहतं, दुधावर साय धरावी तसं. बेताने उपसलं तर ते पुरतं. जास्त उपसा झाला किंवा पाऊस कमी पडला, की खालचं खारं पाणी वर चढतं. तक्वा सोडून लोक समोर शेलाला गेले, कारण शेलाच्या मागे वाळूच्या मोठाल्या टेकड्या आहेत आणि त्या टेकड्यांच्या पोटात गोडं पाणी आहे. लामू शहर आजही मुख्यतः त्याच पाण्यावर जगतं. म्हणून त्या टेकड्यांवर कुणी बंगले बांधायला निघालं की गावकरी अस्वस्थ होतात. नुसतं मोकळं निसर्गदृश्य राखण्यासाठी नाही; ती त्यांची विहीर आहे.

आमच्या होडीत पायाशी दोन पिवळे कॅन होते, वीस-वीस लिटरचे. तक्वा बघून येईपर्यंत मुलांनी त्यांच्यावर पाय ठेवले होते. परतताना माझ्या मुलाने स्वतःहून पाय काढून घेतले.

सूर्य मावळायला आम्ही खाडीतून बाहेर, शेलासमोरच्या मांडाच्या वाळूवर. नाखव्याचा धाकटा भाऊ आधीच येऊन निखारे तयार करून बसला होता. मगरिबसाठी चटई टाकली तेव्हा आमच्याकडची सगळी पुरुषमंडळी सवयीने मावळतीकडे तोंड करून उभी राहिली. नाखव्याने हात धरून त्यांना उजवीकडे वळवलं. लामूपासून मक्का जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. तक्वाची मशीद आणि घरंही उत्तरेकडेच तोंड करून आहेत. आपल्याकडे मगरिबला समोर लाली असते. तिथे ती डाव्या खांद्याशी होती. नमाज संपेपर्यंत विझलीसुद्धा. तिथला संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो.

आता जेवणाचं. आपल्या घरात सहल म्हटलं की बायका आदल्या रात्री अकरापर्यंत स्वयंपाकघरात. सकाळी फजरनंतर पुन्हा तिथेच. खाडीकाठी पोचल्यावर सतरंजी त्यांनीच अंथरायची, वाढायचंही त्यांनीच, आणि मग दोन घास खाऊन भांडी गोळा करायची. जागा बदलते, काम तेच. त्या संध्याकाळी माझी जाऊ तीनदा उठली आणि तीनदा नाखव्याने तिला बसवलं. चौथ्यांदा ती बसूनच राहिली, पाय लांब करून, पाण्याकडे बघत. एवढं निवांत मी तिला तिच्या लग्नानंतर पाहिलेलं नाही.

मी नाखव्याला विचारलं, घरीही तुम्हीच रांधता का? तो मोठ्याने हसला. नाही, घरी नाही. माशाला लावायची आमटीसारखी दाट रसई त्याच्या बायकोने दुपारीच करून झाकणाच्या डब्यात भरून दिली होती. नारळीभातासाठीचं नारळाचं दूधही तिनेच काढलेलं. म्हणजे वाळूवर जे दोघे निखाऱ्यांपाशी वाकले होते ते डोळ्यांना दिसत होते. तिसरी लामूच्या गल्लीत, घरात होती. अम्मींनी हे ऐकलं आणि काही बोलल्या नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी तो डबा समुद्राच्या पाण्याने घासून घेतला, पेलाभर गोड्या पाण्याने विसळला, पुसला, आणि पिशवीतल्या घरून आणलेल्या नारळाच्या वड्या त्यात भरून नाखव्याच्या हातात दिला. आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत जात नाही.

नाखवा मूळचा मासेमार. मांडाजवळच्या मुख्य भूमीवर नवं मोठं बंदर झालंय. त्याचा पहिला धक्का २०२१ मध्ये सुरू झाला. मासेमारीची जागा गेली म्हणून हजारो मासेमार न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने भरपाईचा निकाल लागला. तो म्हणाला, लांब जायला मोठं इंजिन लागतं, ते माझ्याकडे नाही. जवळ मासे पूर्वीसारखे नाहीत. तेव्हा आता पाहुणे. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, माशाला रसई लावता लावता सांगितलं. पण त्यानंतर दरावरून घासाघीस करायचा आमच्या भाच्याचा उत्साह गेला, आणि मला ते बरं वाटलं.

कुणी वाचक जाणार असतील तर थोडं व्यवहाराचं. त्या भागात मधली काही वर्षं अशांततेची होती, त्यामुळे निघण्याआधी परिस्थितीची चौकशी करावी. अंगावर घालायचे तरंगणारे जाकीट माणशी एक आहे का, आणि मुलांच्या मापाचे आहे का, हे दिवसाउजेडी डोळ्यांनी बघावं. ‘आहे, आहे’ वर विश्वास ठेवू नये. वारा पडला तर लागेल म्हणून लहान इंजिन असलेलीच होडी घ्यावी. पैशात मासे, भात, पाणी, कोळसा काय काय धरलंय ते आधी बोलून घ्यावं. हलालची चिंता तिथे करावी लागत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नयेत, केनियात २०१७ पासून त्यांवर बंदी आहे. बाटल्यांऐवजी कॅनमधलं पाणी चालवून घ्यावं. लामूच्या कारागिरांनी समुद्रकाठचा प्लास्टिक कचरा आणि फाटक्या रबरी चपला वापरून ‘फ्लिपफ्लॉपी’ नावाची अख्खी होडी बांधली आणि २०१९ मध्ये ती सुमारे ५०० किलोमीटर दूर झांझिबारला नेली. तिच्या रंगीबेरंगी चपलांकडे बघून मुलं जे शिकतील ते आपल्या सांगण्याने शिकणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी अम्मी हट्टाने त्या डबा पाठवणाऱ्या बाईंकडे गेल्या. त्या खवणीवर बसल्या होत्या. घडीचं लाकडी बसकण आणि पुढे दातेरी लोखंडी जीभ. तिथे तिला ‘म्बुझी’ म्हणतात, म्हणजे बकरी. खोवलेला नारळ पाण्यात कुस्करून विणलेल्या निमुळत्या टोपलीतून पिळायचा. माशाला ‘समाकी वा कुपाका’ म्हणतात, म्हणजे लावलेला मासा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी कृती पुरी मिळाली ती अशी:

आमचा मासा तांबोशीसारखा होता. सुरमईच्या जाड तुकड्यांचाही होतो. माशाला दोन्ही बाजूंनी चिरा द्याव्यात. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि मीठ वाटून, लिंबू पिळून तासभर लावून ठेवावं. एका नारळाचं घट्ट दूध, थोडी हळद, बारीक चिरलेला एक टोमॅटो आणि लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ मंद आचेवर, सतत ढवळत, चमच्याला चिकटेल इतकं आटवावं. उकळी फुटू दिली तर दूध फाटतं. मासा निखाऱ्यावर अर्धा भाजून घ्यावा आणि मग ही रसई थोडी थोडी लावत, उलटत, पुन्हा लावत पुरा भाजावा. निखारे नसतील तर जाड तव्यावर करावा, फक्त तेल अगदी कमी. सोबत नारळाच्या दुधातला भात आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. तिला तेही कचुंबरीच म्हणतात.