सांताला फाशी कशासाठी?

फ्रान्समधल्या दिजों शहरात २३ डिसेंबर १९५१ रोजी, रविवारी दुपारी, सांताक्लॉजचा पुतळा कॅथेड्रलच्या लोखंडी कठड्यावर फासाला लटकवण्यात आला आणि मग चर्चच्या आवारात जाळण्यात आला. हा सोहळा पाहायला चर्चच्या बालमंडळांतली अडीचशे मुले जमवली होती. आरोपपत्र मोठे कडक होते. हा म्हातारा पाखंडी आहे, त्याने ख्रिस्तजन्माचा सण बळकावला आहे आणि खोटे सांगून मुलाच्या मनात धर्मभाव जागा करता येत नाही! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता तोच सांता नगरपालिकेच्या छपरावर ठणठणीत उभा राहिलेला लोकांनी पाहिला. शहराचे महापौर फेलिक्स कीर हे स्वतः धर्मगुरू होते. त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही, हे त्यांच्या राजकीय शहाणपणाला धरूनच झाले. मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी पुढच्याच वर्षी या प्रकरणावर एक निबंध लिहिला. त्यामुळे ही फाशी स्थानिक वर्तमानपत्राच्या रकान्यातून समाजशास्त्राच्या वर्गात जाऊन पोचली.

हा खटला अजून निकाली निघालेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सिसिलीतल्या नोतो धर्मप्रांताचे बिशप आंतोनियो स्तालियानो यांनी मुलांसमोर सांता नसतोच असे सांगून टाकले. त्याचे लाल कपडे कोका-कोलाने आणले, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. पालक खवळले आणि धर्मप्रांताला समाजमाध्यमावर दिलगिरी व्यक्त करावी लागली. खरे तर बिशपमहाशयांचा दुसरा मुद्दा तपासायला हवा होता. व्यंगचित्रकार थॉमस नास्ट १८६३ पासून ‘हार्पर्स वीकली’मध्ये सांता काढत होता आणि त्याचा गुबगुबीत, पाइप ओढणारा सांता १८८१ मध्येच छापून आला होता. कोका-कोलासाठी हॅडन सन्डब्लोमने ब्रश हाती घेतला तो १९३१ साली. म्हणजे एक दंतकथा मोडता मोडता बिशपांनी दुसरी सांगितली. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळींतही सांताला घराबाहेर ठेवणारे पुष्कळ आहेत. मिनिआपोलिसचे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन पायपर यांचे म्हणणे असे, की येशू देऊ करतो त्यापुढे सांताकडे देण्यासारखे फारच थोडे आहे.

विरोधकांचा पहिला आक्षेप असा, की हे बायबलात नाही. नाहीच. पण मग गोठ्यातला बैल आणि गाढव तरी कुठे आहेत? लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, जनावरे नाहीत. ती यशयाच्या पहिल्या अध्यायातून आणि नंतरच्या कथांतून आत आली. पूर्वेकडचे ज्ञानी लोक तीन होते किंवा राजे होते, असे मत्तय कुठेही म्हणत नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत, खराखुरा बैल आणि खरेखुरे गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. आज वसईपासून व्हॅटिकनपर्यंत दर डिसेंबरला गोठे सजतात, त्या प्रथेचे मूळ तिथे सांगतात. तो देखावाच होता. तिथे जमलेल्या गावकऱ्यांपैकी कोणालाही आपण बेथलेहेममध्ये आहोत असे वाटले नसणार. तरीही ते गुडघ्यांवर बसले.

ज्यांना केवळ शास्त्रात लिहिलेलेच हवे, त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांसारखे शेवटपर्यंत जावे. त्यांनी १६५९ मध्ये कायदा करून नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. त्यांची भूमिका जाचक होती, पण सुसंगत होती. नाताळचे झाड, तारा, गोठा, करंज्या सगळे ठेवायचे आणि एकट्या सांतालाच शास्त्राच्या नावाने हाकलायचे, यात सुसंगती नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सांता खोटा निघाला की मूल उद्या देवालाही खोटा ठरवील, ही भीती अनेक श्रद्धाळू आईबापांना मनापासून वाटते. टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल अँडरसन आणि नॉर्मन प्रेन्टिस यांनी १९९४ मध्ये ५२ मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून या प्रश्नाचा माग काढला. मुलांना साधारण सातव्या वर्षी खरे काय ते कळलेले होते, बहुतेकांनी स्वतःच शोधून काढले होते आणि एकंदरीत ती आनंदात होती. हळहळत होते ते पालक! ५२ मुलांच्या अभ्यासावर फार मोठी इमारत बांधू नये हे खरे. पण सांता गेला म्हणून श्रद्धा कोसळलेल्या मुलांची रांग त्यात कुठे दिसत नाही, एवढे तर म्हणता येते.

तरी हा आक्षेप इथेच झटकून मोकळे होता येत नाही. बोस्टन विद्यापीठाच्या कॅथलीन कॉरिव्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून त्यांतली पात्रे खरी की कल्पित, हे विचारले. गोष्टीत अद्भुत काही घडत असेल तर चर्चमध्ये जाणाऱ्या किंवा धार्मिक शाळेत शिकणाऱ्या मुलांनी त्या पात्राला खरे मानण्याचे प्रमाण इतरांहून जास्त होते. काही वर्तमानपत्रांनी याचा अर्थ ‘धार्मिक मुले भोळसट’ असा लावला. तो उथळ आहे. ख्रिस्ती घरातले मूल न दिसणाऱ्या गोष्टी मोठ्यांच्या शब्दावर स्वीकारायला शिकलेले असते. येशू पाण्यावरून चालला हे त्याला ज्या तोंडाने सांगितले, त्याच तोंडाने, त्याच गंभीर आवाजात, रेनडिअरची गाडी छपरावर उतरते असेही सांगितले, तर दोन्ही गोष्टी एकाच खणात जाऊन पडतात. तेव्हा नास्तिक बापापेक्षा ख्रिस्ती बापाला अधिक जपून बोलावे लागते. दिजोंच्या पाद्र्यांची चिंता एवढ्यापुरती बरोबर होती, त्यांनी निवडलेला उपाय मात्र आगपेटीचा होता.

मग खोटे म्हणायचे कशाला? या बाबतीत संत ऑगस्टीनइतका कठोर माणूस ख्रिस्ती परंपरेत क्वचितच सापडेल. कोणाचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा खोटे बोलू नये, असे तो म्हणतो. पण इसवी सन ३९५च्या सुमारास असत्यावर ग्रंथ लिहायला घेतला तेव्हा त्याने आरंभीच थट्टाविनोद बाजूला काढून ठेवला. बोलणाऱ्याच्या सुरावरून आणि चेहऱ्यावरून फसवण्याचा हेतू नाही हे उघड दिसत असते, म्हणून थट्टा हे खोटे नव्हे, असा त्याचा निवाडा आहे. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने गमतीखातर बोललेल्या खोट्यालाही पापाच्या यादीत बसवले, मात्र किरकोळ पापांत. हा जुना काथ्याकूट आजच्या बैठकीच्या खोलीत नेमका उपयोगी पडतो. भातुकलीत मुलगी रिकामी वाटी पुढे करते आणि आजोबा ‘आमटी जरा तिखट झाली’ म्हणतात. फसले कोणी? कोणीच नाही, कारण वाटी रिकामी असल्याचे दोघांनाही ठाऊक आहे. सांताचा खेळ या जातीचा असेल तर ख्रिस्ती पालकाने तो खुशाल खेळावा, आणि हौसेने खेळावा.

गडबड होते ती मूल खरोखरच विचारते तेव्हा. न्यूयॉर्कमधल्या आठ वर्षांच्या व्हर्जिनिया ओ’हॅनलनने १८९७ मध्ये नेमके हेच केले. तिने वडिलांना विचारले, वडिलांनी तिला ‘सन’ वर्तमानपत्राकडे धाडले आणि तिने पत्रात खरे काय ते सांगा अशी स्पष्ट विनंती केली. फ्रान्सिस चर्च या संपादकीय लेखकाने २१ सप्टेंबरच्या अंकात तिला सांता आहे असे ठासून सांगितले. तो अग्रलेख इंग्रजी पत्रकारितेत सर्वाधिक वेळा पुन्हा छापला गेलेला मानतात आणि अजूनही डोळ्यांत पाणी आणून वाचला जातो. भाषा सुंदर आहे, यात वाद नाही. पण खरे सांगा म्हणणाऱ्या मुलीला दोन मोठ्या माणसांनी टोलवले आणि त्याबद्दल जगाने सव्वाशे वर्षे टाळ्या वाजवल्या, हेही त्याच गोष्टीत आहे. ख्रिस्ती पालकाला हा नमुना गिरवण्याचे काही कारण नाही. मुलाचा प्रश्न गंभीर झाला की खेळाचा सूर आपोआप संपतो. त्यानंतरही पुरावे रचत बसणे, अर्धवट खाल्लेले गाजर खिडकीत ठेवणे, राखेत बुटांचे ठसे उमटवणे ही ऑगस्टीनच्या सवलतीत बसणारी थट्टा राहत नाही.

मोठ्यांची हौस कुठवर जाते पाहा. उत्तर अमेरिकेचे हवाई संरक्षण दल १९५५ पासून नाताळच्या आदल्या रात्री सांताचा आकाशमार्ग ‘टिपते’ आणि मुलांना कळवते. हे तरी निदान मिश्किल आहे. २००५ मध्ये ‘एल्फ ऑन द शेल्फ’ नावाचे पुस्तक आणि त्याबरोबरचा बाहुला बाजारात आला, तो मात्र मिश्किल नाही. हा बाहुला दिवसभर फळीवर बसून मुलावर नजर ठेवतो, रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन सांताला अहवाल देतो आणि मुलाने हात लावला तर त्याची जादू जाते. आईबाप रोज रात्री तो दुसऱ्या जागी हलवून ठेवतात. चांगल्या-वाईट मुलांची यादी आणि झोपेतही पाळत ठेवणारा म्हातारा १९३४ मधल्या एका लोकप्रिय गाण्याने आधीच घरोघरी पोचवला होता. बाहुल्याने त्या पाळतीला चेहरा आणि किमतीची चिठ्ठी दिली.

ख्रिस्ती दृष्टीने खरा आक्षेप घ्यायचा तो इथे, आणि नेमका हाच आक्षेप फार थोडे जण घेतात. कृपा कमवावी लागत नाही, ती फुकट मिळते, हे नाताळचे मर्म. देव वर्षभराचा हिशेब तपासून मग पुत्र पाठवत नाही. यादीवाला सांता याच्या बरोबर उलटे शिकवतो, की शहाण्यासारखा वागलास तर खेळणे मिळेल. त्यातही गरीब घरच्या मुलाला भेट लहान येते आणि श्रीमंत घरच्याला मोठी. मग ते गरीब मूल स्वतःच्या वागण्याबद्दल काय समजणार? पालकांना हा प्रश्न पडत नाही, कारण मोठी भेट त्यांच्याच घरात आलेली असते.

ज्याच्यावरून हा म्हातारा घडला, त्या संत निकोलसची कथा मुळात निराळी आहे. चौथ्या शतकातला हा मायरा नगरीचा बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले देमरे. परंपरा सांगते की एका कंगाल बापाला तीन मुलींच्या लग्नासाठी हुंडा जमत नव्हता, तेव्हा निकोलसने रात्रीच्या अंधारात त्यांच्या खिडकीतून सोने टाकले. मुली गुणी होत्या की हट्टी, याची त्याने चौकशी केली नाही. कोणी दिले हे कळू नये म्हणून तो अंधारातून गेला. भारतीय वाचकाला यातला हुंडा खटकेल, आणि खटकावाच. पण देणाऱ्याने लपून देणे आणि घेणाऱ्याची लायकी न तपासणे, ही या कथेची दोन्ही अंगे ख्रिस्ती घरात जपण्यासारखी आहेत. निकोलसचा सण ६ डिसेंबरला असतो. त्या दिवशी ही कथा सांगावी, ‘तो खरा माणूस होता, त्याच्यासारखे वागायचा खेळ आपण खेळतो’ असे सांगून मोजे टांगावेत. मग पुढे कबुलीजबाब द्यायची वेळच येत नाही.

गोव्यात अशा उघड खेळाची परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. रेइश मागूश, चांदर आणि कासावली इथे ६ जानेवारीच्या सुमारास तीन राजांचे फेस्त होते. कासावलीत तीन गावांमधली तीन मुले मुकुट आणि झगे घालून घोड्यांवर बसतात आणि टेकडीवरच्या रेमेदियुस माऊलीच्या कपेलाकडे मिरवत जातात. घोड्यावरचा राजा कोणाचा मुलगा आहे, हे अख्ख्या गावाला माहीत असते. राजाच्या वर्गातले मित्र त्याला नावाने हाका मारतात. कोणाला काही पटवून द्यावे लागत नाही आणि कोणाचा विरसही होत नाही. गोव्यात आणि मुंबईत वांद्र्याला ३१ डिसेंबरच्या रात्री ‘ओल्ड मॅन’ जाळतात. पेंढा भरलेला तो म्हातारा रस्त्यावर बसवून मुले आधी वर्गणी गोळा करतात आणि मध्यरात्री त्याला पेटवतात. म्हाताऱ्याचे दहन इथेही होते, पण पाखंडी म्हणून कोणी त्याला दोष देत नाही. जुने वर्ष गेले एवढेच.

असा खेळ घरातही रंगतो. इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन कट्टर कॅथलिक होते. मोठा मुलगा तीन वर्षांचा असताना, १९२० मध्ये, त्यांनी ‘फादर ख्रिसमस’च्या नावाने कापऱ्या अक्षरात पहिले पत्र लिहिले. पुढे त्यांत उत्तर ध्रुवावरचे अस्वल आले, हाताने रंगवलेली तिकिटे आली, गॉब्लिनांशी लढायाही झाल्या. शेवटचे पत्र १९४३ चे. तोवर सर्वांत धाकटी प्रिसिला चौदा वर्षांची झाली होती. चौदाव्या वर्षी कोण फसते? पत्रे येत राहिली ती खेळ दोघांनाही हवा होता म्हणून.

खरे कळल्यावर मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. लेव्ही-स्ट्रॉसने सांताकडे एक प्रकारचा दीक्षाविधी म्हणून पाहिले होते. गुपित ठाऊक असलेले मोठे आणि ठाऊक नसलेले लहान, अशी रेघ त्यातून आखली जाते. ख्रिस्ती घराने ही रेघ ओलांडणाऱ्या मुलाला पलीकडचे काम द्यावे. धाकट्या भावाचा मोजा यंदा त्याने भरावा. शेजारच्या घरी खाऊचा पुडा नाव न लिहिता ठेवून यावा.

आता उरला प्रश्न दुसऱ्यांच्या मुलांचा. डिसेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या एका धर्मगुरूने शाळेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सांता नसल्याचे सांगितले. मुले रडली, पालकांनी तक्रार केली आणि त्याने माफी मागितली. तो बोलला ते खरेच होते, पण सांगण्याचा अधिकार त्याचा नव्हता. हा खेळ ज्या घराने मांडला, तो केव्हा आणि कसा आवरायचा हे त्याच घराने ठरवायचे. धर्मगुरूला काही करायचेच असेल, तर ६ डिसेंबरला पॅरिशमधल्याच एखाद्या काकांना बिशपचा उंच टोप आणि दंड देऊन उघडपणे निकोलस म्हणून उभे करावे. काका कोण आहेत ते मुलांना ओळखू द्यावे आणि भेटी सर्वांना सारख्याच आकाराच्या ठेवाव्यात.