फोनमध्ये व्हायरस नव्हता, गडबड साइटच्या एका ओळीत होती

मोबाईलवर एखादी साधी साइट उघडली आणि अचानक समोर सट्ट्याचं पान आलं, की आपण लगेच म्हणतो, ‘फोनमध्ये व्हायरस शिरला.’ जून २०२४ मध्ये उघड झालेल्या पॉलिफिल प्रकरणात मात्र फोनचा काहीच दोष नव्हता.

साइट बनवणारा सगळा कोड स्वतः लिहीत नाही. मीही लिहीत नाही. दुसऱ्याचा तयार कोड एका ओळीने बोलावता येतो. पान उघडलं की तुमचा ब्राउझर तो परक्या सर्व्हरवरून आपोआप आणतो आणि चालवतोसुद्धा, तुम्हाला न विचारता. पॉलिफिल डॉट आयओ ही अशीच फुकट सेवा. जुन्या ब्राउझरना जे जमत नाही, ते ती जमवून द्यायची. एक लाखाहून जास्त साइट्सवर तिची ओळ होती. मित्राच्या क्लासची साइट बनवताना मीही ती टाकली आणि साफ विसरलो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ते डोमेन फननल नावाच्या चिनी कंपनीकडे गेलं. ही सेवा मुळात तयार करणाऱ्या अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच सांगितलं होतं की ही ओळ लगेच काढा, आता कुठल्याच साइटला तिची गरज नाही. मी ते वाचलंच नाही!

२५ जूनला सॅन्सेक या सुरक्षा कंपनीने भांडं फोडलं. त्या कोडमधून लोकांना सट्ट्याच्या साइटवर ढकललं जात होतं, तेही गूगल अ‍ॅनालिटिक्ससारख्या दिसणाऱ्या खोट्या पत्त्यावरून. आणि सगळ्यांना नाही. फक्त ठरावीक मोबाईलवर, ठरावीक वेळीच. साइटचा अ‍ॅडमिन आला की कोड गप्प. म्हणजे साइटवाल्याला सगळं ठीकठाक दिसणार आणि फोनवर वाचणारा फसणार.

असा कोड अडवायची सोय ब्राउझरमध्ये आहे. फाईलचा ठसा आधीच नोंदवून ठेवायचा, फाईल बदलली की ब्राउझर ती चालवत नाही. पण पॉलिफिल समोरचा ब्राउझर बघून प्रत्येकाला वेगळा कोड द्यायचं, मग ठसा घेणार कशाचा? खरी गोम मला इथेच दिसते.

त्याच आठवड्यात डोमेन बंद पडलं. पण बाकीच्या सेवांच्या अशा ओळी आजही असंख्य साइट्सवर आहेत. एखादी साइट तुम्हाला भलतीकडे नेत असेल तर टॅब बंद करा आणि स्क्रीनशॉट साइटवाल्याला पाठवा. त्याच्या स्क्रीनवर कदाचित ते दिसतच नसेल. स्वतः साइट बनवत असाल तर लागणारी फाईल आपल्याच सर्व्हरवर ठेवा.

क्लासच्या साइटवरची ती ओळ मी बातमी वाचल्यावर काढली. काहीही बिघडलं नाही. बेट्स यांचं म्हणणं खरंच होतं, तिची गरजच नव्हती.