विद्येचे दान आणि विद्येचा सौदा

आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरील मंगळूर येथे शालेय शिक्षण झालेले, १९८२ साली मद्रासच्या आयआयटीची पदवी घेऊन पुढे अमेरिकेतील एमआयटीत प्राध्यापक झालेले श्री. अनंत अगरवाल यांचे नाव शिक्षणाच्या क्षेत्रात आदराने घेतले जाते. २०१७ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' दिली, ती योग्यच होती. तथापि त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध पाहता काही प्रश्न उपस्थित केल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

२०१२ च्या वसंतात त्यांनी विद्युत्मंडलांचा आपला अभ्यासक्रम संगणकाच्या जाळ्यावरून सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. दीड लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली आणि सुमारे सात हजार उत्तीर्ण झाले. वर्गात इतके विद्यार्थी शिकवायचे तर आपल्याला चाळीस वर्षे लागली असती, असा हिशेब खुद्द अगरवालांनीच मांडला होता. (शेकडा पंचाण्णव मध्येच गळाले, हा हिशेबही त्याच आकड्यांत आहे, तो मात्र व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू आला.) त्याच वर्षी एमआयटी आणि हार्वर्ड यांनी मिळून सहा कोटी डॉलर्स घालून 'एडएक्स' ही ना-नफा संस्था काढली व अगरवाल तिचे प्रमुख झाले. संस्थेची संगणक-आज्ञावलीही २०१३ मध्ये सर्वांसाठी मुक्त करण्यात आली आणि तिचाच उपयोग पुढे मुंबईच्या आयआयटीने आपल्या अभ्यासक्रमांसाठी केला. इथवर सारे उत्तम होते, आणि त्याचे श्रेय अगरवालांना निःसंकोचपणे द्यावयास हवे.

पण शिकविणे हे विनामूल्य असले, तरी शिकविण्याची यंत्रणा चालविणे विनामूल्य नसते. प्रारंभी फुकट असलेली प्रमाणपत्रे पुढे सशुल्क झाली, मग गुणांकनाच्या स्वाध्यायांनाही पैसे पडू लागले. अखेर २०२१ मध्ये एडएक्स ऐंशी कोटी डॉलर्सना 'टूयू' या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला विकण्यात आली. खरेदीसाठी कर्ज काढणाऱ्या या कंपनीने जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. विक्रीतून आलेला पैसा एका ना-नफा संस्थेकडे गेला आणि मुक्त आज्ञावलीचे पालकत्वही तिच्याकडेच राहिले, हे आम्ही नमूद करतो; विक्री करणाऱ्यांवर स्वार्थाचा आरोप करण्याचे आम्हांस कारण नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्या प्राध्यापकांनी सार्वजनिक कार्य समजून अभ्यासक्रम रचले, ज्या विद्यार्थ्यांनी ते निःशुल्क मिळतील या भरवशावर वर्षे खर्च केली, त्यांना या व्यवहारात मत देण्याचा अधिकार होता काय? आमच्या गावांतील वाचनालये, देवस्थानांच्या आश्रयाने निघालेल्या शाळा यांचे कारभारीही अडचणीत येतात, भांडतातही पुष्कळ. पण कपाटातील पुस्तके सावकाराकडे गहाण ठेवावीत, असे सहसा कोणी सुचवीत नाही. अगरवालांसारखा विद्वान अध्यापक संस्थेच्या प्रमुखपदी असतानाही ती सौद्याच्या बाजारात उतरली, यावरून दोष व्यक्तीपेक्षा घटनेत अधिक असावा, असेच आम्हांस वाटते. 'स्वयम्' हे आपल्या सरकारचे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. तेथील अभ्यासक्रमांची मालकी नेमकी कोणाची, आणि ते हस्तांतरित करण्यास कोणाची संमती लागेल, याची तरतूद केंद्राने आताच लेखी व जाहीर करावी.