अनुभवाचा हिशेब मागणारी परीक्षा

पदवी हाती पडली की परीक्षांशी असलेला संबंध संपला, असे मानण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. तिशी-पस्तिशी ओलांडलेली, घरसंसारात रुळलेली माणसे रविवारची सकाळ पुन्हा अभ्यासाच्या टेबलापाशी घालवीत असल्याचे दृश्य पुण्या-मुंबईतच नव्हे, तर नाशिक-नागपुरातही दिसते. संगणक कंपन्या, बांधकाम व्यवसाय, औषधांचे कारखाने अशा ठिकाणी नोकरी करणारी ही मंडळी ज्या परीक्षांच्या मागे असतात, त्यांत ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’, म्हणजे पी. एम. पी., हे एक ठळक नाव आहे. बढतीच्या वेळी हे प्रमाणपत्र उपयोगी पडते, परदेशी जाताना ते ओळखले जाते, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु या परीक्षेचा जो भाग खरोखर विचार करण्याजोगा आहे, त्याकडे उमेदवारांचे आणि त्यांना शिकविणाऱ्या क्लासांचेही फारसे लक्ष जात नाही. तो भाग म्हणजे प्रश्नपत्रिका नव्हे. प्रश्नपत्रिकेपूर्वी भरावयाचा अर्ज होय.

प्रकल्प-व्यवस्थापन हे शास्त्र तसे तरुणच. अमेरिकेतील द्यू पाँ या रसायन कंपनीत १९५७ च्या सुमारास कामांची साखळी मांडून त्यातील निर्णायक मार्ग शोधण्याची पद्धत तयार झाली. पाठोपाठ १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही पद्धत वापरली. वाणिज्य आणि अभियांत्रिकीचे आपले विद्यार्थी या दोन्ही पद्धतींच्या आकृत्या वर्षानुवर्षे काढीत आले आहेत. १९६९ मध्ये या विषयातील व्यावसायिकांनी अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट’ स्थापन केली आणि १९८४ मध्ये या संस्थेने आपली पहिली परीक्षा घेतली. म्हणजे व्यवहार आधी, शास्त्र नंतर आणि परीक्षा त्याहून नंतर, असा हा क्रम आहे. आपल्या विद्यापीठीय शिक्षणात तो नेमका उलटा असतो.

या परीक्षेला कोणालाही बसता येत नाही. चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचे शिक्षण असेल तर प्रकल्प चालविण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि केवळ उच्च माध्यमिक शिक्षण किंवा पदविका असेल तर ६० महिन्यांचा अनुभव, शिवाय या विषयाचे ३५ तासांचे रीतसर शिक्षण, अशा अटी अनेक वर्षे प्रचलित आहेत. अनुभव म्हणजे नोकरीची वर्षे नव्हेत. कोणता प्रकल्प, त्याचे उद्दिष्ट काय, त्यात आपण स्वतः काय केले, शेवटी निष्पन्न काय झाले, हे प्रत्येक प्रकल्पाबाबत थोडक्यात लिहावे लागते. दोन प्रकल्प एकाच वेळी चालू असतील तर ते महिने दोनदा धरता येत नाहीत. आलेल्या अर्जांपैकी काही अर्ज तपासणीसाठी निवडले जातात आणि मग पदवीची प्रत व त्या त्या वेळच्या वरिष्ठांचा दुजोरा सादर करावा लागतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर साऱ्या परीक्षेचे मोल या अर्जात आहे. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराविषयी एक विचार मांडला. पुढे २००१ मध्ये अकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही. म्हणून तो प्रमाणपत्रासारख्या एखाद्या खुणेवर विसंबतो. पण ही खूण विश्वासार्ह ठरते ती एका अटीवर: कुवत असणाऱ्याला ती मिळविणे तुलनेने सोपे आणि नसणाऱ्याला फार जड गेले पाहिजे. तसे नसेल तर दोघेही ती मिळवतील आणि खुणेला काही अर्थ उरणार नाही. ज्याने तीन वर्षे खरोखर माणसे, पैसा आणि मुदत यांची सांगड घातली आहे, त्याला तो अर्ज लिहिणे दोन संध्याकाळींचे काम आहे. ज्याने ते केले नाही त्याला तो प्रामाणिकपणे लिहिताच येणार नाही.

आणि नेमक्या याच ठिकाणी आपल्याकडे पाणी मुरते. शिकवणीबरोबरच अर्ज ‘बसवून देण्याची’ सोय, नमुन्यादाखल तयार वर्णने, घोकायला हजार-दीड हजार प्रश्नांचा संच, असा सारा सरंजाम बाजारात मिळतो. दहावीपासून अपेक्षित प्रश्नसंचांवर वाढलेल्या समाजाला यात काही गैर वाटू नये, हे समजण्यासारखे आहे. समर्थनीय मात्र नाही. उसन्या अनुभवावर मिळविलेले प्रमाणपत्र एकट्या त्या माणसाचे राहत नाही. ते प्रामाणिक माणसाच्या प्रमाणपत्राचीही किंमत कमी करते, आणि खोट्या नाण्याने खरे नाणे बाजारातून हुसकावले जाते हा नियम तर अकरावीच्या विद्यार्थ्यालाही सांगावा लागत नाही.

आता प्रश्नपत्रिकेविषयी. २०२१ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या आराखड्यात १८० प्रश्न आणि २३० मिनिटे होती. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून किंचित अधिक. माणसे हाताळण्याच्या विषयाला ४२ टक्के, कार्यपद्धतीला ५० टक्के आणि संस्थेच्या व्यापक हिताला ८ टक्के असा भार होता. आराखडा काही वर्षांनी बदलला जातो, पण प्रश्नांचे स्वरूप बदलत नाही. व्याख्या विचारल्या जात नाहीत. प्रसंग दिला जातो आणि ‘आता प्रथम काय कराल?’ असे विचारले जाते. उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण हवेत हे संस्था जाहीरही करीत नाही. पस्तीस गुणांच्या काठावर पोहायला शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्याला हे अन्यायाचे वाटेल. मला ते पथ्यकर वाटते.

एक प्रसंग कल्पनेने घेऊ. शाळेच्या इमारतीचे काम निम्म्यावर आले आहे. संस्थेचे एक पदाधिकारी पाहणीला येतात आणि जागेवरच्या अभियंत्याला तोंडी सांगतात, ‘वर आणखी दोन खोल्या काढा.’ प्रकल्पप्रमुखाने प्रथम काय करावे? आपल्या कचेऱ्यांत याची दोनच उत्तरे प्रचलित आहेत. पदाधिकारी वजनदार असतील तर मुकाट्याने खोल्या काढाव्यात. नसतील तर टिपणी लिहून फाईल वर पाठवावी आणि शेऱ्याची वाट पाहावी. परीक्षेला या दोहोंपैकी एकही मान्य नाही. तिला अपेक्षित उत्तर असे की, या दोन खोल्यांनी खर्च, मुदत, पाया आणि आधी ठरलेली कामे यांवर काय परिणाम होईल ते प्रथम मोजावे. मग तो बदल ठरलेल्या रीतीने मान्यतेसाठी मांडावा. आणि तोवर हात लावू नये. वर्षानुवर्षे कचेरीत काढलेला हुशार माणूस या परीक्षेत अडखळतो तो इथे. त्याला विषय येत नसतो असे नव्हे. ‘साहेबांना विचारून सांगतो’ हे उत्तर त्याच्या हाडीमांसी खिळलेले असते, आणि सदर परीक्षेत ते बहुधा चुकीचे ठरते. परीक्षेची खरी तयारी म्हणजे ही सवय मोडणे. त्यासाठी सराव-प्रश्न सोडविताना बरोबर उत्तर कोणते यापेक्षा आपले उत्तर का चुकले, हे एका वहीत लिहून ठेवणे अधिक फलदायी होते.

अभ्यासक्रमातील आणखी एका कल्पनेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. तिला ‘अर्न्ड व्हॅल्यू’ म्हणतात. आपण ‘साधलेल्या कामाचे मूल्य’ म्हणू. एक कोटी रुपयांचे, वर्षभराचे काम आहे. सहा महिन्यांत पन्नास लाखांचे काम व्हायचे ठरले होते आणि खर्चही बरोबर पन्नास लाख झाला. आपल्या लेखाशाखेच्या मते सारे आलबेल. पण जागेवर मोजमाप घेतले तर काम चाळीस लाखांचेच भरते. म्हणजे प्रत्येक रुपयामागे ऐंशी पैशांचेच काम पदरात पडले, आणि हाच वेग राहिला तर एक कोटीचे काम सव्वा कोटीला जाईल. साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यातच तो धोक्याची सूचना देतो. मार्चअखेर निधी संपविण्याची घाई आणि उपयोगिता प्रमाणपत्रांची लगबग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना खर्च आणि काम यांतला हा फरक वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मोजमाप पुस्तिका आपल्या प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याजवळ असते; तिच्यातील आकडे मुदतीच्या आणि अंदाजपत्रकाच्या शेजारी मांडून कुणी पाहत नाही, एवढेच.

हे न पाहण्याची किंमत विदर्भाला ठाऊक आहे. गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे भूसंपादन, पुनर्वसन, दरवाढ आणि कामाची वाढलेली व्याप्ती यांमुळे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळूनही कालव्यांची कामे रेंगाळत राहिली. ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळला की त्याचे ‘सुप्रमा’ असे लाडके लघुरूपही झाले. याउलट १९९० मध्ये महामंडळ स्थापन होऊन २६ जानेवारी १९९८ रोजी सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली, तेव्हा या परीक्षेचे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावरही नव्हते. तेव्हा प्रमाणपत्राने धरणे पूर्ण होतात असा भाबडा दावा कोणी करू नये. अधिकार, निधी आणि निर्णय एका जागी नसतील तर भिंतीवर दहा प्रमाणपत्रे टांगूनही काम पुढे सरकणार नाही.

मग शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनी या परीक्षेकडे कसे पाहावे? शुल्क आपल्या मानाने भारी आहे, परीक्षा मराठीत नाही, आणि उत्तीर्ण झाल्यावरही दर तीन वर्षांनी साठ तासांच्या अध्ययनाचा हिशेब देऊन प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. ज्याच्या नोकरीत त्याचा काडीमात्र उपयोग नाही, त्याने केवळ नावापुढे तीन अक्षरे लावण्यासाठी हा खर्च करू नये, असे मला स्पष्ट वाटते. नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी याच संस्थेची ‘कॅपम’ ही अनुभवाची अट नसलेली परीक्षा आहे. त्यांनी तीन वर्षांचा अनुभव जुळवीत बसण्यापेक्षा तिच्याकडे वळावे.

परंतु ज्यांना आपण सामान्य कारकून किंवा मास्तर म्हणतो, त्यांच्यापैकी कित्येकांनी खरोखरीचे प्रकल्प पार पाडलेले असतात, हेही विसरता कामा नये. जुन्या दप्तराचे संगणकीकरण, महाविद्यालयाचे ‘नॅक’ मूल्यांकन, नव्या प्रयोगशाळेची उभारणी, ही सारी ठरावीक मुदतीची, एकदाच करावयाची, खर्चाची मर्यादा असलेली कामे आहेत. प्रकल्पाची शास्त्रशुद्ध व्याख्या याहून वेगळी नाही. अडचण एवढीच की कागदावर त्यांचा मागमूस नसतो. कार्यालयीन आदेशात ‘आणि वरिष्ठ वेळोवेळी सांगतील ती इतर कामे’ अशी एक ओळ असते आणि दोन वर्षांची मेहनत त्या ओळीत गडप होते. उद्या त्या माणसाने अर्ज भरायचे ठरविले, तर दुजोरा देणारे वरिष्ठ बदलून गेलेले किंवा निवृत्त झालेले असतात. क्लासवाल्याकडे मात्र तयार वर्णन असते. प्रत्येक कार्यालयाने, प्रत्येक शिक्षणसंस्थेने असे काम सोपविताना कामाचे नाव, आरंभाची व समाप्तीची तारीख, मंजूर रक्कम आणि जबाबदार व्यक्ती यांचा चार ओळींचा आदेश काढावा, आणि काम संपल्यावर त्याच आदेशाखाली निष्पत्ती नोंदवून त्याची एक सही केलेली प्रत त्या कर्मचाऱ्याला द्यावी. याला शासननिर्णयाचीही गरज नाही. मुख्याध्यापकांची किंवा प्राचार्यांची एक सही पुरेशी आहे.