ऐक्य कोणाचे?

दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या दक्षिणेला वाल नदीच्या काठी फेरीनिखिंग नावाचे औद्योगिक शहर आहे. डच भाषेतील या शब्दाचा अर्थ संघ किंवा ऐक्य. १८९२ साली वसलेल्या या शहराला हे नाव मिळाले ते एका कोळसा कंपनीच्या नावातून. कोळशापाठोपाठ पोलाद आले, नळांचे कारखाने आले. शहराचा वारसा सांगणारे दोन गोष्टी अभिमानाने सांगतात : पोलाद आणि १९०२ चा शांतता तह. शेजारच्या शार्पव्हिलचा उल्लेख आलाच, तर तो एक दुःखद प्रसंग म्हणून, वेगळ्या प्रकरणात! या वाटणीला आमचा आक्षेप आहे.

प्रथम तहाकडे पाहू. मे १९०२ मध्ये बोअरांचे ६० प्रतिनिधी येथे तंबूंत जमले. ३१ मे रोजी त्यांनी ५४ विरुद्ध ६ मतांनी इंग्रजांच्या अटी मान्य केल्या आणि त्याच रात्री प्रिटोरियात सह्या झाल्या. छावण्यांमध्ये हजारो स्त्रिया व मुले, गोरी आणि काळीही, ज्या युद्धापायी मेली ते युद्ध थांबले, हे मोलाचेच. परंतु तहाचे आठवे कलम काय म्हणते? मूळ रहिवाशांच्या मताधिकाराचा प्रश्न स्वराज्य बहाल झाल्यानंतरच ठरवला जाईल. म्हणजे ज्यांना तो हक्क नाकारायचा होता, त्यांच्याच हाती निर्णय सोपवला गेला! ट्रान्सवालमधील कृष्णवर्णीयांना मतदान करता आले ते १९९४ साली. ही ९२ वर्षे शांततेच्या कोणत्या खात्यात मांडायची?

आता पोलादाकडे वळू. कारखान्यांना कृष्णवर्णीयांचे श्रम हवे होते. श्रम करणारी माणसे मात्र शहराला शेजारी नको होती. टॉप लोकेशन ही त्यांची जुनी वस्ती उठवून कुटुंबांना दूरच्या नव्या वसाहतीत नेण्यात आले. तिला नाव दिले गेले शहराचे माजी महापौर जॉन शार्प यांचे. जवळ परवाना-पुस्तक नसले की अटक ठरलेली. २१ मार्च १९६० रोजी रॉबर्ट सोबुक्वे यांच्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसच्या हाकेला ओ देऊन लोक परवाने घरी ठेवून पोलीस ठाण्यासमोर जमले. आम्हांला अटक करा, एवढेच त्यांचे मागणे होते. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार ६९ जण ठार झाले. अनेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. अलीकडचे संशोधक मृतांची संख्या किमान ९१ सांगतात. हा प्रसंग अकस्मात घडला नाही. आठवे कलम, कारखाना, उठवलेली वस्ती आणि परवाना या एकाच साखळीच्या कड्या होत.

कोणी म्हणेल, आता न्याय झाला आहे, जुन्या जखमा कशाला उकराव्यात? १० डिसेंबर १९९६ रोजी नेल्सन मंडेला यांनी नव्या राज्यघटनेवर शार्पव्हिलमध्येच सही केली. २१ मार्च हा तेथे मानवी हक्क दिन म्हणून पाळला जातो. २०२४ साली युनेस्कोने शार्पव्हिलच्या स्थळांना जागतिक वारशात स्थान दिले. हे सर्व उचितच झाले. पण २०१२ साली सरकारने या दिनाचा मुख्य सोहळा क्लिपटाउनला हलवला, तेव्हा शार्पव्हिलचे रहिवासी संतापून रस्त्यावर उतरले. त्यांचे काय चुकले? ज्यांनी रक्त सांडले, त्यांच्या अंगणातून त्यांचाच स्मृतिदिन उचलून नेण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि त्या अंगणाची तरी काय अवस्था आहे? फेरीनिखिंग व शार्पव्हिल ज्या नगरपालिकेत मोडतात, तिची सांडपाणी यंत्रणा कोलमडून मैला रस्त्यांवर, घरांत आणि वाल नदीत वाहिला. तेथील मानवी हक्क आयोगाने २०२१ च्या अहवालात याला हक्कांचे उल्लंघन ठरवले. मृतांच्या समाधीवर फुले वाहायची आणि त्यांच्या नातवंडांना घाणीत लोटायचे, याला वारशाचे जतन म्हणावे काय?

म्हणून आमचे म्हणणे असे : तह, पोलाद आणि शार्पव्हिल हा एकच इतिहास आहे व तो एकत्रच सांगितला पाहिजे. स्मारकाच्या देखभालीइतकीच गटाराची दुरुस्ती हेही वारसा जपणाऱ्यांचे कर्तव्य आहे. ऐक्य हे नाव त्या शहराला एका कंपनीकडून आयते मिळाले. ते सार्थ करणे अद्याप बाकी आहे.