अपडाऊन दोघांचं, हेल्मेट एकाचंच! मागे बसणाऱ्याबद्दल कायदा काय सांगतो?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत नोकरीसाठी रोज मोटरसायकलवर ‘अपडाऊन’ करणारे अनेक जण आहेत. त्यात शिक्षक, बँक कर्मचारी, एमआयडीसीतले कामगार असे सगळेच आले. एसटीची वेळ ड्युटीशी जुळत नाही, म्हणून दोघे सहकारी एका गाडीवर निघतात आणि पेट्रोल वाटून घेतात. हेल्मेट असलंच तर एक, तेही चालवणाऱ्याचं.

कायदा काय आहे?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीवरच्या चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. सूट आहे ती पगडी घातलेल्या शीख व्यक्तींना. हेल्मेट नसेल तर केंद्रीय कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी चालक आणि मागे बसणारा, दोघांवर स्वतंत्र कारवाईचे आदेश दिले.

मागच्याला खरंच धोका असतो का?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेल्या ५०,०२९ जणांचा अपघाती मृत्यू झाला. त्यातले १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागच्याच्या हातात ना हँडल असतं ना ब्रेक. समोरचा खड्डाही त्याला उशिरा दिसतो.

‘जवळच तर जायचंय’

तुळजापूर-नागपूर महामार्ग लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जातो. चौपदरी रस्त्यावर वेग वाढतो. दुभाजकातली फट लांब असली की काही जण सरळ राँग साइडने येतात. गळीत हंगामात अंधार पडल्यावर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते. घर दोन किलोमीटरवर असलं तरी हे धोके कमी होत नाहीत.

काय करता येईल?

हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो, असं जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. मात्र हेल्मेट आयएसआय मार्कचं हवं आणि पट्टा लावलेला हवा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधीच निघून जातं.

दोघं मिळून पेट्रोल भरतात, तसंच एकदा दुसरं हेल्मेटही घेता येईल.